परत देण्याची रीत

देल्फिनाने टोपीची गाठ तिसऱ्यांदा सोडली आणि पुन्हा बांधली. गाठ आधीही ठीकच होती, पण ती एलोइसाने बांधली होती.

“सैल होती,” देल्फिना म्हणाली.

“बरं केलंस,” एलोइसा म्हणाली आणि तिने हात पुढे केले. तळवे वर, कोपरे पोटाशी टेकलेली, कोणी जळणाची मोळी घ्यायला उभे राहावे तसे. देल्फिनाने मिकाएलाला त्या हातांवर ठेवले. चार महिन्यांची पोर क्षणभर कुरकुरली, मग मोठ्या काकूच्या मानेत नाक खुपसून गप्प झाली.

गप्प व्हायला किती वेळ लागतो हे देल्फिना हल्ली मनात मोजत असे. स्वतःकडे असली की पाच मिनिटे, दहा मिनिटे, कधी अर्धा तास. थोरल्या जावेकडे गेली की एक, दोन, तीन.

बाहेर पिकअपचा हॉर्न वाजला. बेलार्मिनो, तिचा थोरला दीर, खिडकीतून अर्धा बाहेर आला होता. धर्ममाता एलोइसाचा नवरा म्हणून आजच्या बाप्तिस्म्यात तो धर्मपिता होता आणि सकाळपासून त्या तोऱ्यात वावरत होता.

“अगं चला! फादरला भूक लागली की तो पोरांना नुसतं बुचकळून बाहेर काढतो. अर्धा मंत्र पाण्यातच राहतो!”

एलोइसा निघाली. मिकाएलाचा पांढरा झगा तिच्या कोपरावरून गुडघ्यापर्यंत लोंबत होता. रीतीप्रमाणे तो धर्ममातेने द्यायचा, म्हणून एलोइसाने तो स्वतः शिवला होता. गळ्याशी गव्हाच्या लोंब्या भरल्या होत्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या टाक्यांनी. काल दुपारी घरात कोणी नसताना देल्फिनाने तो झगा उलटा करून पाहिला होता. एखादा गुंता, एखादा लांब सुटलेला दोरा तरी सापडेल म्हणून. आतली बाजू बाहेरच्याइतकीच साफ होती.

पुढच्या सीटवर सासूबाई, दोन्या त्रिनी, काळी शाल पांघरून बसल्या होत्या. त्यांनी काच खाली केली.

“देल्फिना, आत जा. गाडी निघताना आईनं बघायचं नसतं.”

ही रीत त्यांना आत्ताच सुचली असावी. देल्फिनाने या रीतींवर लिहिलेल्या चाळीस पानांत तरी ती कुठे नव्हती. तिचा नवरा ओनोफ्रे मागे चढला आणि उसन्या टायखालून तिला बघून हसला. गाडी वळली. बटाट्याच्या शेतांमधून धूळ उठली आणि ती बसेपर्यंत देल्फिना दारातच उभी राहिली.

खरे तर ही सगळी तिचीच करणी होती. ला वेगीता गावातल्या तिच्या वयाच्या बायका बाप्तिस्म्याला सरळ चर्चमध्ये जात, पहिल्या बाकावर बसत, फोटो काढून घेत. जुनी रीत निराळी होती. आईने घरी थांबायचे. धर्ममातेने मूल न्यायचे, नाव देऊन परत आणायचे आणि उंबऱ्याबाहेर उभे राहून चार ओळी म्हणत आईला सोपवायचे. आईने चार ओळींनी उत्तर द्यायचे, मगच मूल घ्यायचे. तिथून पुढे त्या दोघी एकमेकींच्या कोमाद्रे. मग त्या सख्ख्या बहिणी का असेनात, मरेपर्यंत एकमेकींना अहो-जाहो करायचे.

देल्फिना आलामोसाच्या कॉलेजात शिकत होती तेव्हा तिथे आपल्या, स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांच्या इतिहासाचा वर्ग नवाच सुरू झाला होता. खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून ती खोऱ्यातल्या म्हाताऱ्यांच्या स्वयंपाकघरांतून फिरली होती. या सोपवणीच्या ओळी सात गावांत सात तऱ्हांनी म्हणतात हे तिने शोधून काढले, आणि प्राध्यापकांनी तिचा निबंध वर्गात मोठ्याने वाचला. म्हणून जूनमध्ये सासूबाईंनी बाप्तिस्म्याचा विषय काढला तेव्हा तीच म्हणाली होती, “जुन्या पद्धतीनं करू या का?” सगळ्यांना तिचे केवढे कौतुक वाटले. दोन्या त्रिनींच्या डोळ्यांत तर पाणी आले. डोळे पुसतापुसताच त्या म्हणाल्या, “मग एलोइसाच हवी. तिच्या तोंडात त्या ओळी आजीकडून आल्यात.”

तिच्या तोंडात. देल्फिनाच्या वहीत होत्या त्या.

“दार लाव गं, माश्या येतायत,” आतून फिलोमेना मावशीने हाक मारली.

फिलोमेना मावशी सासूबाईंची धाकटी बहीण. गुडघे गेल्यामुळे ती गाडीत चढत नसे, म्हणून रश्श्यावर लक्ष ठेवायला मागे राहिली होती. ती खुर्चीवर बसून भाजलेल्या हिरव्या मिरच्यांची साले काढत होती. चुलीवर मटण रटरटत होते. टेबलावर बडीशेपेच्या बिस्किटांची परात, तीही एलोइसाने केलेली.

“तुझ्या माहेरी, प्वेब्लोत, असलं काही नसेल ना?” मावशीने विचारले.

“नव्हतं.”

“कुठून असणार! पोलादाच्या कारखान्यात तुमच्याकडे भोंगा वाजला की पोरं जन्मायची म्हणे.”

देल्फिना हसली. असले टोमणे तिला दोन वर्षांत पाठ झाले होते. “माझा एक काका टेक्ससमध्ये जन्मला, मावशी. दुसरा कॅन्ससमध्ये, आजोबा रूळ टाकत होते तेव्हा. आत्या नेब्रास्कात, बीटच्या शेतावर. बाबा तेवढे कोलोरादोत. आजी म्हणायची, बाळंतपण उरकलं की ट्रंक भरायची.”

“अरे देवा!” मावशीचा हात थांबला. “मग मूल परत आणायचं कुठल्या दारात?”

देल्फिनाने टेबलावरचे पेले उचलले आणि पुन्हा पुसायला घेतले. कॅन्ससमध्ये आजीचे घर म्हणजे रुळांच्या कडेला उभा केलेला मालडबा होता. त्याला दार होते, पण सरकते, आणि डबा कुठे हलवायचा ते कंपनीच्या हातात. हे सारे तिने निबंधात नीट, तळटीपा देऊन लिहिले होते. नकाशावर टाचण्या टोचल्या होत्या. पण एलोइसाच्या पणजोबांनी १८५१ साली इथला पाट खणला, आणि आजही दर वसंतात बेलार्मिनो त्याच पाटाचा गाळ काढतो. तिथे टाचणी लावायची गरजच नव्हती.

“आमची माणसं आली ना,” मावशी मिरचीचे बी बोटाने खरवडत म्हणाली, “तेव्हा अमेरिका अजून इथवर पोचायची होती. मागून आली बिचारी. आम्ही तिलाही जेवायला घातलं.”

एरवी देल्फिनाने हे लगेच वहीत टिपून घेतले असते.

तिने घड्याळाकडे पाहिले. साडेअकरा. प्रार्थना अकराला संपणार, बाप्तिस्मा अर्धा तास, येताना वीस मिनिटे. बाराच्या आत मिका घरी. बाराला तिची दूध प्यायची वेळ.

उद्यापासून मात्र ती वेळ दुसऱ्या कुणाच्या हातात जाणार होती. आलामोसाच्या शाळेत तिला दुसरीचा वर्ग मिळाला होता. सकाळी सातला निघायचे, चारला परत. मिका दिवसभर एलोइसाकडे राहील हे घरात ठरलेच होते. कोणी तिला विचारले नव्हते, कारण त्यात विचारण्यासारखे काही कोणाला दिसलेच नव्हते. एलोइसाचे घर अंगण ओलांडले की समोर. एलोइसाला मूल नाही. अकरा वर्षे झाली लग्नाला. यापेक्षा चांगले काय असणार?

मागच्या आठवड्यात दुकानात बटाट्याच्या गोणींशेजारी एलोइसा मिकाला कडेवर घेऊन उभी होती. कोणीतरी दूरच्या गावची बाई म्हणाली, “तुझ्यावरच गेलीय हो पोरगी!” एलोइसा हसली. मग म्हणाली, “छे, माझ्या जावेची.” त्या हसण्यात आणि म्हणण्यात अंतर होते. देल्फिना साबणाच्या फळीमागे उभी होती. तिने मोजले. एक, दोन.

गुरुवारी तिने दुकानातल्या फोनवरून, घरच्या नव्हे, आलामोसाला फोन केला. शाळेमागे मिसेस हॅलोरन नावाची एक बाई राहत असे. चार-पाच लेकरे सांभाळायची. तिला स्पॅनिशचा एक शब्द येत नव्हता आणि फोनवर तिने मुलीचे नाव दोनदा चुकीचे उच्चारले. देल्फिनाला ते बरेच वाटले. अशा बाईला मूल आई म्हणणार नाही. तिच्या मानेत नाक खुपसणार नाही. सोमवारपासून, म्हणजे उद्यापासून, ठरले होते. घरी सांगायचे तेवढे बाकी होते आणि ते आज जेवणानंतर सगळ्यांसमोर सांगायचे. सगळ्यांसमोर सांगितले की कोणी ओरडणार नाही. वाक्यही तयार होते. ‘येण्याजाण्यात वेळ जातो, शाळेजवळ असली तर दुपारी मला तिला पाजता येईल.’ खोटे काहीच नव्हते त्यात.

बारा वाजले. सव्वाबारा झाले.

“ओळी पाठ आहेत ना?” मावशीने विचारले.

“चाळीस पानं टाइप केलीत मी, मावशी.”

“पानांचं नाही विचारलं मी.”

देल्फिनाने ओट्याकडे तोंड करून मनातल्या मनात ओळी म्हटल्या. सगळ्या आल्या. तिचा ब्लाउज ओला व्हायला लागला होता. ती आतल्या खोलीत गेली, छातीशी कोरडे फडके लावले, दुसरा ब्लाउज घातला. रिकाम्या पाळण्यात मिकाची गोधडी चुरगळून पडली होती. तिने ती नाकाशी धरली. दुधाचा वास होता, आणि त्याखाली एलोइसाच्या लव्हेंडरच्या साबणाचा. तिने गोधडी घडी करून धुण्यात टाकली.

साडेबारा. रस्त्यावर काहीच नव्हते. आता ते एलोइसाच्या माहेरी थांबले असतील. तिची आई, तिच्या बहिणी, सगळ्या अंगणात आल्या असतील. झगा बघू, लोंब्या बघू. कोणीतरी म्हणाले असेल, तुझ्यावरच गेलीय. या खेपेस एलोइसाने किती वेळ लावला असेल?

“बस की जरा,” मावशी म्हणाली. “एवढ्या येरझाऱ्या घालून तू त्यांना चर्चमधून ओढून आणणार आहेस का?”

“तिची दुधाची वेळ टळली.”

“टळू दे. एक दिवस उपाशी राहिलेलं पोर मोठेपणी जेवणाला नावं ठेवत नाही.”

एक वाजायला दहा मिनिटे असताना धूळ दिसली. देल्फिना धावली नाही. ती दाराशी गेली, केस मागे सारले, उंबऱ्याच्या आत उभी राहिली. तिला दिसले की पिकअपच्या चाकांना चिखल लागला आहे. ओनोफ्रेने उडी मारली. “वरच्या पाटाचं फळकूट निघालं होतं, रस्त्यावर गुडघाभर पाणी. खालून वळसा घालून आलो.”

“रडली?” देल्फिनाने विचारले. हा प्रश्न फार लवकर तोंडातून निघाला.

“छे! डोक्यावर पाणी पडलं तरी हूं की चूं नाही. सगळा वेळ झोपलीय. फादर म्हणाला, असं गुणी बाळ वर्षभरात पाहिलं नाही.”

देल्फिनाने मान हलवली. रडली असती तर किती बरे झाले असते.

सगळे दारासमोर अर्धवर्तुळात उभे राहिले. दोन्या त्रिनींनी शाल सारखी केली. शेजारच्या दोन-चार बायका कुंपणापाशी येऊन थांबल्या. त्यांनी ही सोपवणी लहानपणी पाहिली होती, त्यानंतर आजच. एलोइसा पायरीखाली आली. मिका तिच्या हातांवर झोपलेली, टोपीची गाठ हनुवटीखाली अजून घट्ट. एलोइसाने श्वास घेतला आणि ओळी म्हटल्या. गाऊन नव्हे, बोलूनही नव्हे, दोन्हींच्या मधल्या त्या खालच्या, सपाट आवाजात, जो देल्फिनाला सात गावांत टेपवर पकडता आला होता आणि स्वतःच्या गळ्यात कधीच आणता आला नव्हता.

“उघडा दार, कोमाद्रे, कोकरू तुमचं आणलं,
देवाच्या घरचं पाणी याच्या कपाळी शिंपलं.
नेलं तेव्हा बिननावाचं, आणलं नाव लेवून,
जसं दिलंत तसं घ्या, ओंजळ पुढे करून.”

कुंपणापाशी एक बाई नाक ओढून रडायला लागली. एलोइसाने हात पुढे केले.

देल्फिनाने ओंजळ पुढे केली.

“घेते माझं कोकरू, कोमाद्रे, तुमच्या हातून,” ती म्हणाली.

आणि पुढे काही नव्हते. पान पांढरे. तिला कागद दिसत होता, टंकयंत्राचा अर्धवट उमटणारा ‘ए’ दिसत होता, प्राध्यापकांची लाल रेघ दिसत होती. ओळ दिसत नव्हती. तिने पुन्हा पहिली ओळ म्हटली, या वेळी हळू, जणू वेगाची चूक झाली होती. पुन्हा तिथेच येऊन ती थांबली.

ओनोफ्रे खोकला. दोन्या त्रिनींनी डोळे मिटून घेतले.

“ओळी नाही आल्या तर पोरगी आमची हं!” बेलार्मिनो हसत म्हणाला. “रीतच आहे तशी! चल गं एलोइसा, गाडी गरम आहे अजून.”

सगळे हसले. देल्फिनाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिचे हात पुढे केलेले आणि रिकामे होते. एलोइसा हसली नव्हती. ती अर्धे पाऊल पुढे आली, इतकी की तिचा लव्हेंडरचा वास देल्फिनाला आला. खाली मान घालून, झग्याच्या काठाकडे बघत, तिने फक्त देल्फिनाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटले:

“नऊ महिने वाहिलं मी याला काळजाखालून.”

“नऊ महिने वाहिलं मी याला काळजाखालून,” देल्फिना मोठ्याने म्हणाली.

“अर्धी वाट माझी झाली, अर्धी तुमची, बाई,” एलोइसा कुजबुजली. कुठेही अडखळली नाही.

“अर्धी वाट माझी झाली, अर्धी तुमची, बाई.”

देल्फिना थांबली. शेवटच्या ओळीची वाट पाहत ती एलोइसाच्या ओठांकडे बघत होती. ओठ मिटलेले होते. ती ओळ एलोइसाला येत होती. देल्फिनाला याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. पण एलोइसा तसूभरही हलली नाही. मिकाने झोपेतच ओठ चोखल्यासारखे केले.

ओळ तेव्हा आपोआप आली. ती सकाळपासून तिथेच होती. देल्फिनाने ती एका दमात म्हणून टाकली, कडू औषध गिळावे तशी:

“दोन दारांतून हाक मारू, दोघी याच्या आई.”

टाळ्या झाल्या. एलोइसाने मूल तिच्या हातांत दिले आणि लगेच दोन पावले मागे सरकली. दोन्या त्रिनींनी दोन्ही सुनांच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला.

“झालं. आता तू-तू मी-मी बंद. कोमाद्रे झालात. मानानं बोलायचं.”

“भांडायचं झालं तरी?” बेलार्मिनोने विचारले.

“भांडायचं झालं तर जास्तच मानानं.”

देल्फिनाने आतल्या खोलीत जाऊन मिकाला पाजले. पोर डोळे मिटून, घाईघाईने पीत राहिली. बाहेर ताटे मांडल्याचे, खुर्च्या ओढल्याचे आवाज येत होते. तिने आपले वाक्य एकदा मनात म्हणून पाहिले. येण्याजाण्यात वेळ जातो. ते बरोबर आठवत होते, शब्दन् शब्द.

जेवणे झाली. रस्सा सगळ्यांना आवडला, बिस्किटे त्याहून जास्त. बेलार्मिनोने गावातल्या पोरांसाठी अंगणात मिठाई उधळली. मिका पाळण्यात झोपली होती. पुरुष बाहेर पाटाच्या फळकुटावर वाद घालत होते. आता सांगायचे म्हणून देल्फिनाने उष्ट्या ताटांचा ढीग उचलला आणि ती स्वयंपाकघराकडे निघाली. सासूबाई आणि मावशी चुलीशी रात्रीच्या पोळ्या करत होत्या. एलोइसा मागच्या पडवीत भांडी आणायला गेली होती.

“एलोइसाचे ओठ हलताना पाहिले मी. आईचं उत्तर तिला कसं गं येतं?” मावशी विचारत होती. “धर्ममातेच्या ओळी आजीनं शिकवल्या, समजलं. पण आपल्या वेळी आईच्या ओळी सातवा महिना लागल्याशिवाय कोणी सांगायचं नाही. अपशकुन म्हणायचे.”

दोन्या त्रिनींनी तव्यावरची पोळी उलटली.

“मीच शिकवल्या,” त्या म्हणाल्या. “दोनदा.”

पोळी फुगली. दोन्या त्रिनींनी ती उचलून फडक्यात ठेवली आणि दुसरी टाकली.

देल्फिना ताटे घेऊन दाराशीच उभी राहिली. वरचे ताट कलंडायला लागले तेव्हा तिने ते हनुवटीने धरले. मागचे दार वाजले. एलोइसा मोठे पातेले घेऊन आली, बाह्या दुमडल्या आणि साबणाच्या पाण्यात कोपरापर्यंत हात घातले.

“ठेव की ती ताटं इकडे,” ती म्हणाली. मग चूक लक्षात येऊन म्हणाली, “ठेवा.” आणि स्वतःशीच हसली.

देल्फिनाने ताटे ठेवली.

“उद्या मिकाला किती वाजता देशील गं?” दोन्या त्रिनींनी तव्यावरून नजर न काढता विचारले. “एलोइसाला गाईचं बघावं लागतं, त्याआधी ठरवून टाका काय ते.”

वाक्य तयार होते. देल्फिनाने तोंड उघडले, आणि आतल्या खोलीत मिका रडली. भूक लागल्यासारखे नव्हे; झोपमोड झाल्याचे, चिडलेले, वरच्या पट्टीतले रडणे.

देल्फिनाने पाहिले. एलोइसाचे दोन्ही हात पाण्यातून कोपरापर्यंत वर आले. फेस मनगटांवरून ओघळला. मग ते हात तसेच, कोणी मागून धरून खाली दाबावेत तसे, परत पाण्यात गेले. एलोइसाने ताट धुवायला घेतले. ते स्वच्छच होते.

देल्फिना आत गेली. तिने मिकाला उचलले, खांद्यावर घेतले, पाठीवर थोपटले, खिडकीशी नेऊन बाहेरची पोरे दाखवली. टोपी काढली. पाय कुरवाळले. मिका लालबुंद होऊन रडत राहिली. बाहेरून ओनोफ्रे ओरडला, “काय झालं?” देल्फिना मोजत होती. मग कितीपर्यंत आलो ते तिच्या लक्षात राहिले नाही.

ती रडणाऱ्या पोरीला घेऊन स्वयंपाकघरात आली आणि ओट्याशी, एलोइसाच्या अगदी बाजूला उभी राहिली. एलोइसाने मान वळवली नाही.

“हात ओले आहेत तुमचे,” देल्फिना म्हणाली. “पुसा आधी.”

एलोइसाने हात पुसले. फडक्याने, मग कमरेच्या कापडाला, मग पुन्हा फडक्याने, प्रत्येक बोट वेगवेगळे. देल्फिनाने मिकाला तिच्या हातांवर ठेवले. एक, दोन. पोरीने मानेत नाक खुपसले आणि रडे हुंदक्यांवर आले, मग उचक्यांवर.

छातीत तेच उठले, सकाळी टोपीच्या गाठीपाशी उठले होते ते, तसूभरही कमी नाही. देल्फिना तिथून हलली नाही. तिने फडके घेतले आणि ओली ताटे एकेक करून पुसायला लागली.

“उद्या सव्वासहाला हिला न्यायला या, कोमाद्रे,” थोड्या वेळाने ती म्हणाली. “त्याआधी नको.”